विमानात पहिले बसायचा मान

सक्करदरा, नागपूर
ता. १३ नोव्हेंबर १९६६

इवाई वामनराव यांना सक्करदऱ्याहून मनोहररावचा रामराम पोचावा.

तुमची लेक नीला आमच्या घरी मजेत आहे. सध्या या घरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच. सौ. प्रेमिलानं आठ दिवसांपासून अबोला धरला आहे आणि तुमचा जावई रविंद्र मला पाहिलं की पेपर उघडून बसतो. कारण सांगतो. मी घरी विमान बांधून राहिलो. ओळ परत वाचू नका, बरोबरच लिहिलं आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी सतरा वर्षं सोनेगावच्या विमानतळावर टपाल खात्यात काढली. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची टपालाची विमानं नागपुरात उतरायची, आपसात थैल्या बदलायची आणि परत जायची. त्या थैल्या मी मोजून दिल्या. लोकांची पत्रं, राख्या, एकदा तर कोणाच्या तरी लग्नातले लाडू माझ्या हातून वर गेले. मी मात्र एकदाही गेलो नाही. जूनमध्ये रिटायर झालो तेव्हा नारळ, शाल आणि छत्री मिळाली. घरी येऊन छत्री खुंटीला टांगली आणि ठरवलं की मरायच्या आधी एकदा वर जायचं, आणि तेही आपल्या स्वतःच्या विमानात. तिकीट काढून गेलो तर माझ्यात आणि थैलीत फरक काय राहिला?

विलायतेत लोक घरी विमान बांधतात. तिथल्या एका कंपनीकडून नकाशे मागवले. विमान लाकडाचं, वरून कापड, बाजूबाजूला दोन जागा. चालवतील फ्लाइंग क्लबचे कॅप्टनसाहेब, बाजूला बसेन मी. कामाचा क्रमही ठरवला आहे. आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग चाकं, अगदी शेवटी इंजिन. सामान त्याच क्रमानं मागवायचं. विलायती सरस डबा उघडला की खराब व्हायला लागतो, म्हणून लाकूड कापून झाल्याशिवाय तो आणायचा नाही. कापड सगळ्यात उशिरा, कारण घरात थान दिसलं तर प्रेमिला त्याच्या चादरी शिवेल.

अडचण जागेची आहे. मागच्या अंगणात धड आणि उजवा पंख मावतो. डाव्या पंखाला शेजाऱ्याच्या संडासात शिरावं लागतं आणि शेजारी तयार नाही. तुमचा कापसाचा कोठा लांबरुंद आहे, बळीराम सुतारही तुमच्या हाताशी आहे. डावा पंख सावनेरला होईल का? नाही म्हणालात तरी राग नाही.

तुमचा मनोहरराव

———

सावनेर
ता. २४ नोव्हेंबर १९६६

मनोहरराव इवाई, रामराम जी.

मी बोलतो तसाच लिहितो, तुमी समजून घ्या. तुमचं पत्र तीनदा वाचलं. एकदा म्या, एकदा अंजनाबाईनं आन् एकदा आमी दोघायनं मिळून. मंग ठरवलं का तुमची तब्येत ठीक हाय.

कोठा तुमचाच समजा. पन आता त्यात कापूस भरून हाय. फाल्गुनात कापूस मार्केटले गेला का कोठा खाली. बळीरामले सांगून ठेवलं. तो म्हने बंडीचं चाक केलं, पाळना केला, तिरडी बी केली, पंखच राह्यला होता.

पन एक गोष्ट मले पटली नाई. शेपटापासून सुरुवात कोन करते जी? घर बांधाले घेतलं त आपन आधी दाराची चौकट बसवतो, मोरी नाई. आन् इंजिन शेवटी? म्हंजे आधी बंडी, मंग जू, मंग कासरा, आन् सगळं झाल्यावर बैल पाहाले बाजारात जाता काय? बैल नाई भेटला त बंडीत बसून काय करसान? इंजिनाची चिंता तुमी सोडा. माह्या इहिरीवरचं पाच घोड्याचं इंजिन हाय, ते नीलाच्या नावानं देऊन टाकतो. धूर जरा करते, पन वर हवेत धुराचं कोनाले काय करा लागते.

शुभ काम शेपटापासून सुरू करू नका. बसाच्या जागेपासून करा. लेकीच्या घरचं काम हाय, पयला पाट माहेरचाच पायजे. माप कळवा, पाट म्या देतो.

वामनराव

———

सक्करदरा
ता. ६ डिसेंबर १९६६

इवाई,

कोठ्याबद्दल तुमचे उपकार किती मानू? आता क्रमाचं सांगतो. शेपूट आधी अशासाठी की तो भाग लहान आहे. माझा हात अजून बसायचा आहे, शेपूट बिघडलं तर लाकूड थोडक्यात जातं. पंखावर शिकायला बसलो तर घर विकावं लागेल. इंजिन शेवटी, कारण काम दीड वर्षं चालणार आणि तोवर ते पडून गंजणार. तुमच्या विहिरीचं इंजिन मी पाहिलं आहे. ते उचलायला चार गडी लागतात. ते वर न्यायचं म्हटलं तर त्याच्यासाठी वेगळं विमान बांधावं लागेल.

पण शुभाशुभाचं तुमचं बोलणं प्रेमिलाला मी वाचून दाखवलं आणि ती महिन्यानं पहिल्यांदा माझ्याशी बोलली. ‘इवाई सांगतात ते ऐका,’ एवढंच बोलली, पण बोलली. तेव्हा शेपटाआधी पाट. माप पंधरा इंच बाय सोळा इंच, पातळ प्लायवूड, वजन किलोच्या आत. कोरीव काम नको, पितळ नको.

आणि पाट माहेरचा, तर मानही माहेरचा. विमान तयार झालं की त्यात पहिले बसायचा मान तुमचा.

मनोहरराव

———

सावनेर
ता. १९ जानेवारी १९६७

मनोहरराव इवाई, रामराम.

पाट उद्याच्या एसटीनं टपावर टाकून धाडतो. प्लायवूड लेकीच्या घरी द्याले मले लाज वाटली, म्हनून सागाचा केला. बळीरामनं चार कोपऱ्याले चार मोर काढले आन् कडेनं पितळेची पट्टी मारली. तुमी ‘नको नको’ लिहिलं होतं, पन सोयऱ्यानं नको म्हनाचं आन् आपन द्याचं, हे का मले समजत नाई? जरासा भारी झाला, पन बैठक पक्की हाय.

मानाचं लिहिलं. आपल्या रीतीनं म्या नाई म्हनलं पायजे. त नाई जी, तुमीच बसा. तुमी आग्रह करसान, म्हनून दुसऱ्यांदा नाई. तुमी आनखी आग्रह करसान, म्हनून तिसऱ्यांदा नाई. आता तुमचं मन मोडवत नाई म्हनून हो म्हनतो. तीन पत्राईचा खर्च वाचवला. तुमी टपाल खात्यातले, तुमाले मालूम.

सावनेरात सांगून झालं. सोसायटीचे चेअरमन मले बाजारात पायलटसाहेब म्हनून हाक मारून राहिले. अंजनाबाई म्हने, आता तरी धोतराची गाठ नीट मारत जा.

वामनराव

———

सक्करदरा
ता. २६ फेब्रुवारी १९६७

इवाई,

पाट पोचला. एसटीच्या टपावरून उतरवायला हमाल करावा लागला. नऊ किलो भरला. मोर सुरेख आहेत, बसल्यावर त्यातले दोन टोचतात. मी प्लायवूडचा दुसरा करून हा देवघरात ठेवावा म्हणत होतो, तेवढ्यात प्रेमिलानं त्याला हळदकुंकू लावून ‘हाच विमानात जाईल’ असं शेजारणींना सांगून टाकलं. आता तो हलत नाही.

मान तुम्ही स्वीकारलात, आनंद झाला. खरं म्हणजे तिसरं ‘नाही’ पोस्टानं येईल आणि तोवर माझं मी काही ठरवेन, असं वाटलं होतं. असो. पहिली फेरी तुमची, दुसरी माझी. सतरा वर्षं थांबलो, आणखी पाव तासानं काय होतं?

शेपूट झालं. दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं, म्हणजे माझा क्रम बरोबर होता हे नोंदवून ठेवतो. आता डावा पंख. रविंद्रबरोबर नकाशा आणि लाकूड पाठवतो. आधी दोन लांब दांडे, मग फासळ्या, सगळं कोरडंच जुळवून पाहायचं आणि मगच सरसाचा डबा उघडायचा. कापड लावायचं नाही, आतलं काम कॅप्टनसाहेब डोळ्यांनी पाहतील. पंखाची लांबी तेरा फूट. तेरा म्हणजे तेराच.

मनोहरराव

———

सावनेर
ता. २० मे १९६७

मनोहरराव इवाई, रामराम.

पंख झाला. काय पंख झाला जी. कोठ्यात उभा केला त गावातल्या बाया पाहाले येऊन राहिल्या. एका बाईनं त्याच्यावर कुरड्या वाळू घालाची गोष्ट काढली, म्या नाई म्हनलं.

एका गोष्टीत तुमची भीड दिसली. तुमी तेरा फूट लिहिलं. बळीरामनं तेरावर पेन्सिलीची खून केली आन् करवत खाली ठेवली. तो म्हने मालक, तेरा म्हंजे तेरवीचा आकडा, लेकीच्या घरी तेरवीचं माप कसं धाडता? मले बी कसंतरीच झालं. आन् तुमी ‘तेरा म्हंजे तेराच’ लिहिलं, तेव्हाच मी समजलो का इवाई संकोच करून राहिले. लाकूड जास्ती जाईन म्हनून बिचारे कमी मांगून राहिले. म्या बळीरामले म्हनलं, माह्या घरचं लाकूड जोड, शकुनाचं सव्वा कर. त पंख सव्वातेरा फूट हाय.

कापूस वाहाच्या बंडीवर गवत टाकून धाडतो. पावसाच्या आधी पोचन.

वामनराव

———

सक्करदरा
ता. २७ मे १९६७

वामनराव,

माझा उजवा पंख तेरा फुटांचा तयार आहे. सरस वाळला आहे. दोन्ही पंखांत जायच्या पोलादी तारा त्याच मापानं कलकत्त्याहून मागवल्या, त्या काल आल्या. अशात तुमचं पत्र मिळालं.

एक पंख तीन इंचांनी लांब असला तर विमान उचललं की एका अंगावर कलंडेल. समोर जाणारच नाही. कॅप्टनसाहेब आणि मी आमच्या सक्करदऱ्याच्या तळ्याभोवती गोल गोल फिरत राहू आणि पेट्रोल संपलं की तळ्यात पडू. मी संकोच केला नव्हता. मला तेराच पाहिजे होते. आहेराचं लुगडं नाही हे, की पदर थोडा लांब निघाला तर बाई खूष होईल.

बंडी निघाली नसेल तर थांबवा आणि बळीरामकडून तीन इंच कापून घ्या.

मनोहरराव

———

सावनेर
ता. ३ जून १९६७

मनोहरराव यायले रामराम.

तीन इंच काप म्हनलं त बळीराम उठून घरी चालला गेला. अंजनाबाई म्हने, दिलेल्या लुगड्याचा पदर कापून मांगनारे सोयरे म्या पयल्यांदा पाहून राहिली. म्या चांगल्या मनानं दिलं होतं.

तुमी म्हनान त कापतो. मी सोता कापतो. पन मंग आखाडीच्या सनाले नीलाले माहेरी न्याले मी येनार नाई, तुमीच तिले एसटीत बसवून द्या. आन् पहिले बसाचा मान बी तुमच्याजवळच ठेवा. मले नाई पायजे.

वामनराव

———

सक्करदरा
ता. १५ ऑक्टोबर १९६७

इवाई,

खरं लिहितो. तुमचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि मी अर्धा दिवस खुशीत होतो. मान आपोआप माझ्याकडे परत आला होता, मी काही मागितला नव्हता. दुपारी नीलानं पत्र वाचलं. आखाडीसाठी बांधलेलं गाठोडं सोडून ती कपडे परत पेटीत ठेवायला लागली. मला ते पाहवेना. मी तिला म्हटलं, बांध ते परत, तुझे वडील येतील, मी उजवा पंख वाढवतो. तुम्ही आलात आणि दोन दिवस राहिलात, पण विमानाबद्दल आपण दोघंही बोललो नाही, म्हणून आज लिहितो.

उजवा पंख आता सव्वातेरा झाला. शेवटचा भाग उकलून नवा जोडला, सरसाचा दुसरा डबा लागला, तारा परत मागवल्या. कॅप्टनसाहेबांनी भीतभीत विलायतेच्या कंपनीला विचारलं. त्यांचं उत्तर आलं की दोन्ही बाजू सारख्या असतील तर चालेल, उलट जरा बरंच उचलेल. हे गणित कोणत्या इंजिनियरचं, असंही त्यांनी विचारलं आहे. मी तुमचं नाव कळवलं.

चाकं स्कूटरची बसवली. क्लबचं एक जुनं विमान मोडीत निघालं, त्याचं इंजिन मिळालं, म्हणजे बैल शेवटी पाहायला गेलो तरी मिळाला. मान तुमचाच आहे, तो परत घ्या. मात्र कॅप्टनसाहेबांनी सगळं वजन केलं आणि सांगितलं की बसणारा पासष्ट किलोच्या वर नको. पाट नसता तर चौऱ्याहत्तर चालले असते. ‘पाट काढा नाहीतर बसणारा हलका आणा,’ असं ते म्हणाले. प्रेमिला पाटापुढे उभी राहिली. मी साठच भरतो, पण मान तुमचा. तेव्हा इवाई, तुमचं वजन किती?

मनोहरराव

———

सावनेर
ता. १२ जानेवारी १९६८

मनोहरराव इवाई, रामराम जी.

मान परत भेटला, मन भरून आलं. कापूस मार्केटच्या काट्यावर बसलो त ब्याऐंशी भरलो. तोलनाऱ्यानं सवयीनं दोन किलो ओलीची सूट कापली, तरी ऐंशी.

आता उतरवून राहिलो. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी भाजीचं पानी. पयल्या महिन्यात घरातल्या समद्याईवर खेकसलो. बैलावर बी खेकसलो. तिळसंक्रांतीचे लाडू अंजनाबाई पेटीत ठेवून कुलूप लावून राहिली आन् किल्ली कमरेले. लग्नाच्या पंगतीत मी वाढाचं काम घेतो, म्हंजे बसा नाई लागत. काल भोजाजी पाटलाच्या घरी पुरनपोळी होती. म्या वास घेतला आन् उठून आलो. लोकं म्हने पायलटसाहेबाले काई बिमारी झाली.

आज सत्तर भरलो. धोतर आता दोनदा गुंडाळा लागते. पाट हलका केला असता त बरं झालं असतं, हे मले आता समजून राहिलं.

वामनराव

———

सक्करदरा
ता. ८ मार्च १९६८

इवाई,

विमान बांधून पूर्ण झालं. बैलगाड्यांवरून सोनेगावला नेलं आणि क्लबच्या शेडमध्ये पंख जोडले. दोन्ही बाजू दोरी लावून मोजल्या, सारख्या आहेत. कॅप्टनसाहेबांनी एकट्यानं दोन फेऱ्या मारून पाहिल्या. उडतं. मी खाली उभा होतो, तो टोपी हातात घेऊन जमिनीवरच बसलो.

दिल्लीहून परवानगी आली आहे. तिच्यात एक अट आहे. माणूस बसवून एकच फेरी मारायची, मग विमान शेडमध्ये ठेवायचं आणि सगळे कागद दिल्लीला पाठवायचे. पुढची परवानगी केव्हा, ते कोणी सांगत नाही. कॅप्टनसाहेब म्हणतात, दोन वर्षं धरून चाला. बदली होऊन जूनमध्ये ते जाणार, हेही आजच कळलं.

म्हणजे दुसरी फेरी नाही. पण शब्द दिला तो दिला. रविवारी, ता. २४ ला सकाळी या. मी खालून पाहीन. मला सवय आहे.

मनोहरराव

———

सावनेर
ता. १४ मार्च १९६८

मनोहरराव इवाई,

तुमचं पत्र अंजनाबाईले वाचून दाखवाले घेतलं आन् शेवटी मले वाचताच नाई आलं. तुमी बसा जी. एकच फेरी हाय त ती तुमचीच हाय. म्या तीन नाई एका पत्रात म्हनले होते, ते आता खरे धरा.

वजन चौसष्ट झालं, ते वाया गेलं तरी चालन.

वामनराव

———

तार
नागपूर, ता. १७ मार्च १९६८

दिलेला मान परत घेत नाही. नाही म्हणाल तर पंखाचा राग धरला समजेन. रविवारी या. मनोहरराव

———

सक्करदरा
ता. २५ मार्च १९६८

इवाई वामनराव,

आधी तुमच्याशी भांडतो, मग बाकीचं.

सावनेरहून ट्रक भरून माणसं आणली, बँड आणला, गळ्यात हार घातला आणि मार्चच्या उन्हात लोकरी कोट घालून तुम्ही काट्यावर उभे राहिलात. काटा चौऱ्याहत्तरवर गेला. कॅप्टनसाहेबांनी मान हलवली. चार महिने माणूस भाजीचं पाणी पितो आणि ऐन दिवशी हे काय केलंत? विचारलं तर म्हणता, रस्त्यात पाटणसावंगीला भजी खाल्ली. दहा किलो भजी कोणी खातो का वामनराव? बरं, मी तुमच्यावर ओरडत असताना तुम्ही हसत काय होतात? मला इतका संताप आला होता की कॅप्टनसाहेबांनी ‘चला, तुम्ही बसा’ म्हटलं ते मला ऐकूच आलं नाही. नीलानं हाताला धरून नेलं.

मोर टोचले. त्यानंतर मला काही टोचल्याचं आठवत नाही. चाकांचा खडखडाट चालला होता आणि एकदम तो थांबला. मी कॅप्टनसाहेबांना विचारलं, काय बिघडलं? ते म्हणाले, काका, आपण वर आहोत.

खाली सगळे तोंड वर करून होते. तुमचा बँड वाजत होता म्हणे, मला तो ऐकू आला नाही. मग रस्ता आला, अजनीचं स्टेशन आलं आणि आपलं सक्करदऱ्याचं तळं. एवढंसं आहे हो ते. घरामागे अंगणात जिथे धड बांधलं, तिथे गवत पिवळं पडलं आहे, ती लांब खूण वरून दिसते. प्रेमिलानं दोरीवर साड्या टाकल्या होत्या, त्याही दिसल्या. मी रडलो. कॅप्टनसाहेबांना वाटलं, मला चक्कर येऊन राहिली, म्हणून त्यांनी पिशवी पुढे केली. मी ती घेतली आणि तिला डोळे पुसले.

उतरल्यावर मी तुम्हाला मिठी मारायला आलो तर तुम्ही शेडच्या मागे गेला होतात. परत आलात ते कोट खांद्यावर टाकून. एवढी घाई कसली होती? तुमचा मान गेला याचं मला वाईट वाटतं, आणि मी वर जाऊन आलो याचा आनंद आवरत नाही. दोन्ही एकदम होतं आहे. आता सांगा, काय खाल्लं होतं?

तुमचा मनोहरराव

———

सावनेर
ता. ३० मार्च १९६८

इवाईबुवाले अंजनाबाईचा रामराम.

तुमच्या पत्राचं उत्तर हे देत नाईत, म्हनून मी लिहून राहिली. तुमी त्याईले सांगू नका.

त्याईनं रस्त्यात काईच खाल्लं नाई. ट्रकमंदी मी त्याईच्या बाजूलेच बसून होती. पाटनसावंगीले समदे उतरले, भजी खाल्ली, हे नाई उतरले. मले वाटलं, वजनाची काळजी करून राहिले. बसल्या बसल्या कोट सारखा आवरून धरत, म्या म्हनलं कहाडून टाका, घाम येऊन राहिला, त माह्यावर खेकसले.

घरी आल्यावर त्याईनं चार भाकरी खाल्ल्या आन् झोपले. म्या कोट झटकाले घेतला त आतल्या खिशाचं अस्तर दोन्हीकडून फाटून खाली लोंबून राहिलं. तवा कोठ्यात जाऊन पाह्यलं. तागडीजवळची पाच-पाच किलोची दोन वजनं गायब.

म्या त्याईले उठवलं. म्हनलं, येवढे उपाशी राह्यले, मले बी चार महिने लाडू खाऊ नाई देल्ले, आन् हे काय केलं? मंग काहून बसले नाई? त तोंड फिरवून म्हनाले, वर जाऊन म्या काय पाह्यलं असतं वं? मले वरून इवाईच दिसले असते, खाली उभे.

आता माह्यं काम सांगते. हे म्हनतात का वजनं क्लबच्या शेडमांगं तरोट्याच्या झुडपात टाकली. रविंद्रले सांगा, सायकलवर जाऊन पाहून या आन् येत्या एसटीनं धाडून द्या. तूर मोजाची अडून राहिली.

अंजनाबाई